काडीएवढी फट

आमच्या ताईला कुणाच्या घरी घेऊन जायचं म्हणजे मला घोर लागतो. माणसं म्हणतात, बसा, पाणी घ्या. ताई बसत नाही. ती आधी खोलीचे चारही कोपरे बघते, मग भिंतीवरून हात फिरवते, मग खाली वाकून बोटाने फरशी ठोकते आणि घरमालकाला तोंडावर सांगते, "ही पोकळ वाजतेय हो. खाली माल नीट भरलेला नाही." माझ्या मुलीचं लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हासुद्धा तिने हेच केलं. व्याही बिचारे कपबशी हातात घेऊन ताटकळत उभे, आणि ही त्यांच्या दाराच्या चौकटीला एक डोळा लावून म्हणतेय, "सुताराने घाई केलीय." मी तिला चिमटा काढला, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चिमटे कशाला काढतेस? तिरकी आहे ती आहे."

लग्न झालं ते व्याह्यांच्या चांगुलपणामुळे. त्यात ताईचा काही हातभार नाही.

बांधकामाच्या साइटवर तिला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी उभं राहणं तिला जमतच नाही. जेवताना उठून मीठ आणेल, मीठ आणल्यावर उठून खिडकी लावेल, खिडकी लावली की बिजागरीला तेल घालायला बसेल. माझं शिवणाचं दुकान आहे. दिवसभर एका मशीनसमोर बसायचं हा माझा धंदा आणि दिवसभर न बसणं हा तिचा. एकाच आईच्या पोटी आम्ही दोघी कशा आलो, हे आईलाही कधी उमगलं नाही.

आज ताई गवंडी आहे. चांगली गवंडी आहे. लोक घर विचारत येतात, दारात चपला काढून आत बसतात आणि "बाई, आमचं एवढं काम घ्या" म्हणतात. पण गवंड्याची थापी तिच्या हातात राहते की जाते, अशी एक वेळ येऊन गेली होती. ते दिवस मी जवळून बघितलेत, म्हणून सांगते.

स्वतःच्या लग्नानंतर ती दाजींच्या मागे साइटवर गेली. दाजी सेंटरिंगचे सुतार. स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू ठोकायचं काम. ताईला बिगाऱ्याचं काम मिळालं, म्हणजे वाळू चाळ, सिमेंट कालव, घमेलं डोक्यावर घे आणि गवंड्याच्या हाताशी नेऊन दे. तिचा गवंडी म्हणजे मिस्त्री. त्यांना कुणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. पहिल्याच दिवशी मिस्त्री भिंतीशी बांधलेल्या परांचीवरून ओरडले, "गुण्या दे गं!" ताईला वाटलं हा कुणी माणूस असणार. ती सगळ्या साइटवर "गुण्या कोण? गुण्याला मिस्त्री बोलावतायत" करत फिरली. शेवटी दाजींनी कपाळाला हात लावून तिच्या हातात लोखंडी काटकोन ठेवला आणि म्हणाले, "हा घ्या गुण्या. आणि आता कृपा करून कुणाला सांगू नका की माझी बायको आहात."

पण त्यानंतर तिला एकदाही सांगावं लागलं नाही. विटेवर माल पसरायची थापी, गिलावा घोटायचा लाकडी रंधा, दोन टोकांची पातळी एक आहे का बघायची पाण्याची नळी, कोपरा बघायचा गुण्या, भिंत उभी आहे का बघायचा ओळंबा. मिस्त्रींनी हात मागे करायचा अवकाश, की हवं ते हत्यार त्या हातात पडायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं. ती खाली घमेलं घेऊन उभी आणि मिस्त्री वर. काम शिकली ती अशी, मान वर करून. खालून तिला मिस्त्रींच्या टाचा दिसायच्या, कोपर दिसायचं, फार तर मनगट. बोटं दिसायची नाहीत. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

मग मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि हात कापायला लागला. काम सोडून लेकीकडे राहायला जाताना त्यांनी आपली हत्यारांची पिशवी ताईला दिली. इतर गवंडी बघतच राहिले. ओळंबा मात्र त्यांनी पिशवीतून काढून हातात धरला होता. वर मधोमध भोक असलेली पितळी चकती, खाली लोखंडी गोळा आणि दोघांना जोडणारी दोरी. एवढंच ते हत्यार. चकतीची कड भिंतीच्या वरच्या विटेला लावायची आणि गोळा खाली सोडायचा. चकती आणि गोळा एकाच मापाचे असतात, म्हणून भिंत सरळ उभी असली की गोळा खाली अलगद टेकतो. "गोळा टेकला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "टेकला की भिंत उभी. बाकी सगळ्या गप्पा." आणि ओळंबा तिच्या ओंजळीत ठेवून निघून गेले.

साइटचा ठेकेदार तरुणपणी मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला. मिस्त्रींनी पिशवी दिलीय म्हटल्यावर त्याला ताईला नाही म्हणता येईना, आणि हो म्हणायची हिंमत होईना. त्याने मधला मार्ग काढला. एका घराच्या मागच्या खोलीची बाहेरची भिंत तिला दिली. "खिडकीच्या वर लिंटेलची तुळई बसते तिथपर्यंत आण," तो म्हणाला. "जमलं तर थापी तुझी. नाही जमलं तर घमेलं आहेच."

ताई तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. घमेल्याने तिची मान गेली होती. सकाळी उठून पहिला अर्धा तास तिला मान वळवता यायची नाही. मला हाक मारायची असली तर अख्खी वळायची. ती मला म्हणाली, "अजून थोडी वर्षं हे डोक्यावर घेईन, मग मान संपेल, मग मला घरी बसवतील. मी घरी बसले तर वेडी होईन गं. मला एकदा वर चढून खाली बघायचंय." मी तिला म्हटलं, चढ की मग. एवढं सोपं वाटलं होतं मला.

भिंत सुरू झाली आणि ताईचा उरलासुरला जीवही थाऱ्यावर राहीना. संध्याकाळी कामावरून थेट माझ्या दुकानात यायची. उभ्या उभ्या माझ्या टाचण्या इकडच्या तिकडे करायची, रिळं उलटी लावायची.

"कशी चाललीय भिंत?" मी विचारायची.

"सरळ."

"मग तोंड का असं?"

"ओळंबा म्हणतो सरळ आहे. डोळ्याला पटत नाही."

"मग डोळे तपास. माझ्या टाचण्या नको तपासू."

ती हसायची नाही. हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यावर गिऱ्हाइकांचे कपडे द्यायची घाई. मी पुढच्या बाहीला शिलाई मारायला घ्यायची आणि ती निघून जायची.

तिची पद्धत अगदी रीतसर होती. आधी दोन्ही कोपरे चढवायचे, दर दोन-तीन थरांमागे ओळंबा लावायचा, गोळा टेकेपर्यंत वरची वीट थापीच्या मुठीने ठोकायची. मग दोन कोपऱ्यांत दोरी ताणायची आणि मधल्या विटा दोरीला धरून लावायच्या. मिस्त्री असंच करायचे. इतर गवंडी येता-जाता थट्टा करायचे, "भिंगरी, भिंत जागेवर राहील ना? का तीही फिरायला जाईल?"  ताईचं सगळं लक्ष गोळ्यावर. तो इतका नेमका टेकवायची की मधे केस जाऊ नये.

लिंटेलच्या उंचीला भिंत पोचली त्या दिवशी दुपारी मी तिचा डबा घेऊन साइटवर गेले होते. डबा ती विसरली होती, रोजच विसरायची. परांचीच्या फळ्या नुकत्याच काढल्या होत्या. इतके दिवस त्या फळ्यांमुळे ओळंबा वरपासून खालपर्यंत एका दमात सोडता येत नव्हता. आता भिंत मोकळी झाली होती. ताई शिडीवर चढली, चकती वरच्या थराला लावली आणि गोळा सोडला.

दोरी सरळ खाली गेलीच नाही. अर्ध्यात विटांना घासली आणि गोळा जोत्याजवळ भिंतीवर कलंडून पडला. ताईने चकती उचलून पुन्हा लावली. पुन्हा तेच. दुसऱ्या कोपऱ्यावर गेली. तिथेही तेच. भिंत वर जाता जाता आमच्यापासून मागे कलली होती. फार नाही, अंगठ्याच्या रुंदीएवढी. पण एवढ्याशा उंचीत अंगठाभर म्हणजे थोडं नाही, हे माझ्यासारख्या शिंपिणीलाही समजलं.

मग तिने दोरी आखूड धरून दोन थरांमधे ओळंबा लावला. गोळा अलगद टेकला. वर लावला, टेकला. खाली लावला, टेकला. आखूड दोरीला भिंत सरळ आणि लांब दोरीला तिरकी. ताई शिडीवरून उतरली आणि पहिल्यांदाच मी तिला वाळूच्या ढिगावर बसलेली बघितली. ती बसली हे बघून मी डबा खाली ठेवला.

मिशाळ गवंडी जवळ आला. तो थट्टा करणाऱ्यांतला, पण मनाने वाईट नव्हता. त्याने एक डोळा मिटून भिंत बघितली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "गिलाव्यात जाईल गं. वर जाड मार, खाली पातळ. माझ्या कितीतरी गेल्यात."

दाजीही आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच लिंटेलच्या काँक्रीटसाठी फळ्यांची पेटी ठोकायची होती आणि ठेकेदारही सकाळीच भिंत बघायला येणार होता. "मी पेटी लवकर ठोकून ठेवतो," दाजी म्हणाले. "फळ्या आल्या की त्याला ओळंबा सोडायला जागाच राहणार नाही. आखूड दोरीने बघेल आणि जाईल."

मीही तेच म्हटलं. खोटं कशाला बोलू? "ताई, मी रोज झाकते. कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, मी आतून पट्टी घालते. गिऱ्हाईक आरशात बघून खूश होतं."

"तुझं गिऱ्हाईक ब्लाउज उसवून परत देऊ शकतं," ताई म्हणाली. "याच्यावर स्लॅब येणार आहे."

"मग पाड आणि परत बांध!"

"परत बांधली तरी अशीच होईल ना गं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की माल कालवणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. "ओळंबा तोच, हात तोच. चुकलं काय तेच मला कळत नाहीये!"

तेव्हा मला तिची खरी भीती कळली. ठेकेदार काय म्हणेल ही भीती दुसरी. पहिली भीती अशी की इतकी वर्षं मान मोडून आपण जे शिकलो ते आपल्याला आलंच नाही की काय. मला तिची फार दया आली आणि रागही आला. कुणाचा राग, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ताई जेवली नाही. ओळंबा ओच्यात बांधला आणि म्हणाली, "चल. मिस्त्रींकडे जाऊ."

मिस्त्रींच्या लेकीचं घर मिस्त्रींनीच बांधलेलं. त्या घरात ताई कधी फरशी ठोकत नाही. मिस्त्री खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. ताईचा आवाज ऐकून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि ताईने त्या हातांत ओळंबा ठेवला. त्यांचा चेहरा एकदम खुलला. चकतीवरून बोट फिरवलं, दोरीची गाठ चाचपली, गोळा तळहातावर घेतला.

"हा एकदा वरच्या मजल्यावरून पडला होता, ठाऊक आहे?" ते मला म्हणाले. "खडीवर आपटला. कडा पार चेपल्या. सगळे म्हणाले, टाकून द्या. मी कानस घेऊन बसलो आणि चारी बाजूंनी घासून घासून परत गोल केला. बघा, हाताला कुठे लागतंय का?"

नव्हतं लागत. गुळगुळीत गोल होता. मी कौतुकाने मान हलवली. ताईने हलवली नाही. ती गोळ्याकडे टक लावून बघत होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "एकदा लावून दाखवता?"

"अगं, तुला काय दाखवायचं? तू तर..."

"दाखवा ना."

मिस्त्री उठले. भिंतीशी गेले. हात कापत होता, पण चकती भिंतीपर्यंत नेल्याबरोबर तो कापायचा थांबला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गोळा खाली सोडला. गोळा थोडा हलला, मग स्थिर झाला.

"हं. टेकला," मिस्त्री म्हणाले. "बघ, कसा टेकलाय."

टेकला नव्हता. गोळा आणि भिंत यांच्या मधे बारीक फट होती. खिडकीतला उजेड त्या फटीतून सरळ दिसत होता. ताईने शेजारच्या फळीवरची काड्यापेटी घेतली, एक काडी काढली आणि वाकून त्या फटीत सरकवली. काडी बसली, ना सैल ना घट्ट. मिस्त्रींना यातलं काहीच दिसलं नाही. ते त्या गोळ्याकडे अशा समाधानाने बघत होते की मला काय करावं सुचेना.

"टेकला ना?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. ताईने माझ्या पायावर पाय दिला, चांगला दाबून.

"टेकला, मिस्त्री," ती म्हणाली.

ते चहा सांगायला आत गेले तेव्हा ताईने चकती आणि गोळा खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. आयुष्यभर ती दोघं एकाच दोरीवर राहिली होती, पण अशी शेजारी कुणी ठेवून बघितली नव्हती. गोळा चकतीपेक्षा लहान होता. कानशीने घासताना तो गोल झाला, पण मापाने कमी झाला. म्हणून सरळ भिंतीलाही तो टेकायचा नाही, काडीभर लांबच राहायचा. मिस्त्रींचा हात हे केव्हातरी शिकला आणि तेवढी फट सोडायला लागला. डोक्याला सांगायचं मात्र राहून गेलं. आणि ताई, खालून कोपर बघून शिकलेली, त्यांचा शब्द धरून गोळा खरोखरच टेकवत गेली. दर दोन-तीन थरांमागे भिंत काडीभर मागे.

बाहेर पडल्यावर मी तिच्यावर उखडलेच. "सांगितलं का नाहीस? त्यांच्या हत्याराने तुझी भिंत गेली! उद्या तुझ्या हातातली थापी जाईल आणि तू म्हणतेस टेकला?"

"काय सांगू?" ताई चालता चालता म्हणाली; ती इतकी भराभर चालत होती की मला धावावं लागत होतं. "ज्याच्यावर जन्मभर भिंती बांधल्या तो ओळंबा खोटा होता, असं सांगू? मग ते झोपतील का? काठी घेऊन एकेक भिंत चाचपत फिरतील. आणि त्यांच्या भिंती सरळ आहेत गं. सगळ्या सरळ आहेत. मग कशाला?"

मग मी धावायचं सोडलं. तिचं पटलं की मला जास्त राग येतो, म्हणून साइटपर्यंत मी तिच्या मागे मागेच राहिले.

उजेड होता तोवर तिने भिंत उतरवली. वरचे थर ओले होते, हाताने सुटले. खालच्यांना छिन्नी-हातोडी लागली. दाजी आधी भांडले, मग हातोडी आपटून निघून गेले, मग परत आले आणि विटा खाली घ्यायला लागले. मी विटांवरचा माल खरवडत बसले. माझी नखं तुटली आणि दुसऱ्या दिवशी रेशमी साडीला फॉल लावताना जागोजाग धागे अडकले.

सकाळी ठेकेदार आला. भिंतीच्या जागी विटांचा ढीग आणि तळाचे थोडे थर बघून त्याचा आवाज चढला. "कुणी पाडली?"

"मी," ताई म्हणाली. "ओळंब्यात नव्हती."

त्याने तिच्या हातातला ओळंबा घेतला, उलटासुलटा करून बघितला. "हा मिस्त्रींचा आहे. यावर मी शिकलोय. हा चुकत नाही."

"नाही चुकत."

"मग?"

मी डबा घेऊन मागे उभी होते. त्या दिवशी ताई डबा विसरली नव्हती. मीच दुसरा डबा भरून, निमित्त काढून गेले होते. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं होतं. कानस, काडी, फट, सगळं. एक वाक्य बोलले असते तर ताई सुटली असती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी ते वाक्य गिळलं. 

"माझा हात चुकला," ताई म्हणाली.

"थापी दे इकडे," ठेकेदार म्हणाला.

तिने थापी दिली. माझे डोळे भरून आले. दाजी दुसरीकडे बघायला लागले. ठेकेदाराने त्या थापीने उरलेल्या थरावरचा सुकलेला माल खरवडला, खाली बसून एक डोळा मिटून थर बघितला, पुन्हा खरवडला. तसाच बसून तो म्हणाला, "गिलाव्यात गेली असती."

"गेली असती."

"मला पत्तासुद्धा लागला नसता."

"नसता लागला."

"मग पाडलीस कशाला?"

"मला बसवलं नसतं, शेठ."

"तशी तू बसतेस कधी!" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. उठून त्याने थापी तिच्या पुढ्यात धरली. "विटा भिजवून घे. आणि ही पण मागे गेली तर मला तोंड दाखवू नकोस. सरळ घमेलं उचल."

ताईने ती भिंत कानावर काडी खोचून बांधली. दर दोन-तीन थरांमागे काडी काढायची, गोळा आणि विटेच्या मधे घालून बघायची, परत कानावर. मिशाळ गवंडी म्हणाला, "भिंगरी आता विड्या ओढायला लागली." तिने दाजी सोडून कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी वरून खालपर्यंत एका दमात ओळंबा सोडला, तेव्हा दोरी कुठेही अडली नाही. ठेकेदाराने स्वतः सोडून बघितलं आणि "हं" म्हणाला. त्या "हं"वर ताईची मान घमेल्याखालून सुटली.

दाजी नंतर कितीदा म्हणाले, मापाची नवी चकती कापून देतो. ताई नको म्हणायची. ती मिस्त्रींना भेटायला जायची तेव्हा ते दर वेळी ओळंबा हातात घ्यायचे आणि चकतीवरून बोट फिरवायचे. डोळे गेले असले तरी बोटांना बदललेली चकती कळली असती. "टेकतो ना?" ते विचारायचे. "टेकतो," ती म्हणायची. शेवटच्या भेटीतही हेच दोन शब्द झाले. मिस्त्री गेले त्यानंतर दाजींनी पुन्हा चकतीचा विषय काढला. तेव्हाही ती नको म्हणाली. का, ते नाही सांगितलं.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. परवा माझ्या दुकानाची मागची भिंत ताईने बांधायला घेतली. तिचे केस पांढरे झालेत, जाड भिंगाचा चष्मा आलाय, पण परांचीवर अजून भिंगरीच. मी मशीन बंद करून बघायला गेले. तिने कोपऱ्याला चकती लावली, गोळा सोडला, थापीच्या मुठीने वीट ठोकली. तिच्या कानावर काडी नव्हती.

"काडी कुठाय गं?" मी विचारलं.

"काडी? ती कधीच सोडली. आता काय काडी, हात बसलाय." आणि गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ, कसा टेकलाय."

मी परांचीवर चढले. या वयात, साडी खोचून. वाकून बघितलं. गोळा आणि विटेच्या मधून पलीकडचा उजेड दिसत होता. बरोबर काडीएवढा.

ताई चष्म्यातून माझ्याकडे बघत होती. "टेकला ना?"

थट्टा करतेय का, म्हणून मी तिचा चेहरा निरखला. थट्टा नव्हती. तिला खरंच टेकलेला दिसत होता.  पायावर पाय ठेवायला या वेळी कुणी नव्हतं, तरी मी म्हटलं, "टेकला, ताई."

ती वीट उचलायला वळली. मी खाली उतरले. खाली तिची बिगारी बाई घमेलं घेऊन उभी होती. माझ्याच वयाची, बरीच वर्षं ताईच्या हाताखाली काम करणारी. ताई परवाच म्हणाली होती, माझ्यानंतर पिशवी हिला. बाई मान वर करून बघत होती. मी तिच्या शेजारी उभी राहून वर बघितलं, तर तिथून ताईचं कोपर तेवढं दिसत होतं.

मी ताईएवढी मोठ्या मनाची नाही. मला गप्प बसवत नाही. मी बाईच्या डोक्यावरचं घमेलं खाली उतरवलं, दंडाला धरून तिला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढवलं, मागोमाग मीही चढले आणि तिच्या कानाशी लागून म्हटलं, "कोपर नको बघू. गोळा बघ. गोळ्याच्या मागे उजेड दिसतो का?"

तिने मान तिरकी करून बघितलं.

"दिसतो," ती म्हणाली.

"तेवढा लक्षात ठेव," मी म्हटलं. "आणि तिला विचारू नकोस."